ठमीची तलवार

चौलच्या सत्यवतीबाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि दर शनिवारी आपल्या ओटीवर मुलांना इतिहासातल्या गोष्टी सांगू लागल्या. अट एकच, गोष्ट खरी हवी. ती पाळता पाळता पाच वर्षांत त्यांच्या नाकी नऊ आले होते.

त्या दिवशी चरीच्या संपाची गोष्ट होती. खोत पिकाचा मोठा वाटा नेतो म्हणून अलिबागजवळच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी जमिनी कसायच्याच सोडल्या. रानातली लाकडं विकून पोट भरलं, पण जवळजवळ सहा वर्षं नांगर धरला नाही; शेवटी खोतालाच नमावं लागलं.

"मग लढाई कधी?" निकेतने विचारलं.

"लढाई नाही झाली."

"म्हणजे सहा वर्षं नुसते बसले?"

सगळी पोरं खिदळली. बाईंचं डोकं फिरलं.

"बरं, ऐका मग! खोताची माणसं तलवारी घेऊन आली. ठमी नावाच्या बाईने एकाची तलवार हिसकावली आणि दहा जणांना पळवलं!"

पोरं श्वास रोखून ऐकत राहिली. रात्री बाईंना स्वतःचाच राग आला. पण 'सांगू पुढच्या वेळी' म्हणत त्यांनी ते टाळलं.

महिन्याभराने शाळेत वक्तृत्व स्पर्धा झाली. बाई पाहुण्या होत्या. ओटीवर गोष्टी ऐकायला येणाऱ्या अकरा वर्षांच्या अमिषाने हात नाचवत ठमीची गोष्ट सांगितली आणि पहिलं बक्षीस पटकावलं. मुख्याध्यापकांनी बाईंना दोन शब्द बोलायला उभं केलं.

"ठमी मी रचली," बाई म्हणाल्या. "संप खरा, तलवार खोटी. चूक पोरीची नाही, माझी."

अमिषा कप तिथेच टाकून रडत पळाली.

"बाई, हे नंतर सांगता आलं असतं," मुख्याध्यापक चिडून म्हणाले.

"नंतर सांगू म्हणूनच इथवर आलं!"

दुसऱ्या दिवशी बाई तिच्या घरी गेल्या. अमिषा खोलीतून बाहेर येईना. तिचे आजोबा दयाराम मात्र खूश दिसले.

"खरं बोललात, बरं केलंत, बाय. माजी आय त्या संपात व्हती. तलवार न्हाय बघितली तिनं. माज्या थोरल्या भावाला पाठीशी बांधून डोंगरातनं मोळ्या आणायची. खोताचा मानूस बोलवायला आला का दार लावून घ्यायची."

"मग खोत नमला कशाला?" दाराआडून रडका आवाज आला.

"शेतं पडीक राहिली ना, पोरी. खानार काय तो?"

मग दार किलकिलं झालं. "तुमच्या आईचं नाव काय होतं, आजोबा?"

"आवडाबाय."

अमिषा दोन शनिवार आली नाही. तिसऱ्या शनिवारी वही घेऊन सगळ्यांच्या पुढे येऊन बसली. तेव्हापासून प्रत्येक वाक्याला तिचा हात वर: "हे खरं का, बाई? कशावरून?"

अर्ध्या तासाची गोष्ट तीन-तीन शनिवार संपत नाही. निकेत कंटाळून जांभया देतो. सत्यवतीबाई कपाळाला हात लावतात, पुटपुटतात आणि आतून पुस्तक आणायला उठतात.