जानकीच्या चुलीवरचं तूप

कुणकेश्वराच्या देवळापासून डोंगराकडे जी पायवाट चढते, तिच्या वळणावरच्या वाडीत जानकी राहायची. वाडीत कोणी बाळंत झाली की तिच्या पेजेवर घालायचं तूप जानकीच्या चुलीवरचं असे. कोणाचा हात भाजला, म्हाताऱ्या माणसाचे तळपाय रात्रभर जळजळले, तरी वाटी घेऊन माणूस तिच्याच दारात येई. देवळातलं निरांजन तिच्या तुपावर जळे, चतुर्थीच्या मोदकावर तिच्याच तुपाची धार पडे, आणि माणूस गेलं की चितेवर सोडायचं तूपही तिथूनच जाई.

कोकणात खोबरेलाला तोटा नाही, पण तूप म्हणजे नवसाची वस्तू. तिथल्या गाई लहानखुऱ्या, दूध देणार तेही ओंजळभर. घराघरातल्या बायका साय साठवून साठवून गोळाभर लोणी काढत आणि ते करपून वाया जायला नको म्हणून कढवायला जानकीकडे देत. बदल्यात कोणी तांदूळ देई, कोणी नारळ, कोणी त्याच तुपातलं थोडं ठेवून जाई. त्यावर त्या घरातल्या दोन बायकांचं पोट चाले. एक जानकी आणि दुसरी तिची सासू हौसाबाई.

मुळात ही विद्या हौसाबाईची. जानकीचा नवरा सदानंद देवगडच्या बंदरावर कारकून होता. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच विषमज्वराने गेला. सुनेचा पायगुण वाईट, असं हौसाबाईने एकदा म्हटलं आणि त्यानंतर तिच्याशी सरळ बोलणंच टाकलं. पुढे म्हातारीचं कंबरडं मोडलं, ती माजघरातल्या बाजेला खिळली. मग चूल जानकीकडे आली. पण शिकवणं झालं तेही भिंतीला तोंड करून. "लाकडा मागे ओढूक होयी," म्हातारी भिंतीला सांगे. "तूप कढवतल्याक नाक व्हया. डोळे फशिवतत." जानकी ऐके आणि लाकडं मागे ओढी.

म्हातारीचं खरंच होतं. दहा घरचं लोणी दहा तऱ्हेचं. कोणाच्यात ताक जास्त, कोणाचं शिळं, कोणाचं आंबूस. स्वयंपाकघरात धूर आणि अंधार. पावसाळ्यात लाकडं ओली, कौलांवर सरींचा असा धडाका की टोपात काय तडतडतंय ते ऐकूही येत नसे. अशा वेळी एकच खूण खरी. कच्च्या लोण्याचा वास सरून भाजल्या खोबऱ्यासारखा गोड वास सुटला की टोप खाली घ्यायचा. एक श्वास उशीर झाला की तळची बेरी काळी आणि तूप कडू. जानकीचं असं कधी झालं नव्हतं.

सत्तावन्न साली पावसाच्या तोंडावर मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांबरोबर ताप आला. घरटी माणूस आडवं झालं. जानकीही झाली. शेजारची यशोदाकाकी दोन्ही बायकांना पेज आणून देई. ताप उतरला, जानकी भिंत धरून उठली, चूल पेटवली, दूध ठेवलं आणि तिथेच टेकून बसली. माजघरातून म्हातारीचा आवाज आला, "दूध करापता हा खंयतरी."

जानकी दचकली. दूध तिच्या समोरच होतं. तळ काळा पडला होता, धूर डोळ्यांत गेला होता, आणि तिला कसलाही वास आला नव्हता.

सर्दी असेल असं तिने मनाला समजावलं. पण सर्दी नव्हती. तिने लसूण ठेचून नाकाशी धरली. कापूर हुंगला. गोठ्यात जाऊन उभी राहिली. सगळं जग धुतल्यासारखं कोरडं झालं होतं. शेवटी तिने पेटी उघडली. तळाशी सदानंदचा शर्ट होता, कधीच न धुतलेला. सणासुदीला ती तो काढून तोंडाशी धरी. गेल्या काही वर्षांत त्याचा वास पुसट होत चालला होता हे तिला ठाऊक होतं. आता तिने त्यात तोंड खुपसलं आणि काहीच आलं नाही. शर्टातलाच वास गेला की आपलं नाक गेलं, हे आता कधीच कळणार नव्हतं. ती पेटीवर डोकं टेकून हुंदके देत राहिली. तोंडात पदर कोंबला, म्हातारीला ऐकू जाऊ नये म्हणून.

ती वैद्यांकडे गेली. त्यांनी रोज सकाळी नाकात कोमट तुपाचे थेंब सोडायला सांगितलं. "धीर धर बाये. येतलो वास. कोणाकोणाक उशीर लागता." तिने आपल्या वाटणीचं तूप नाकात ओतलं. कुणकेश्वराला नवस बोलली. नागपंचमी आली, गेली. वास काही आला नाही.

आणि चतुर्थी जवळ येत होती. ओसरीवर लोण्याची मडकी येऊन बसू लागली. खरं सांगितलं तर मडकी परत जातील आणि चूल थंड होईल. जानकीने कोणाला सांगितलं नाही. यशोदाकाकीचं लोणी पहिल्यांदा चढवलं, टोपावर डोळे रोखून बसली. फेस बसला, रंग पालटला, आता काढू की मग, आता की मग, असं करता करता तळातून काळा धूर उसळला.

"करापला," माजघरातून आवाज आला. "कोणाचा लोणी ता?"

करपलेलं तूप जानकीने परसात राखेत ओतलं आणि घरचं, स्वतःच्या गणपतीसाठी ठेवलेलं तूप काकीच्या मडक्यात भरलं. हे एकदा निभावलं. पण बाकीची मडकी ओसरीवर तशीच होती.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा टोप चढवला. पाऊस कोसळत होता. ती कान देऊन बसली, पण पावसाशिवाय काही ऐकू येईना. तिच्या कपाळावरून घाम गळत होता. टोप उतरवायला तिने फडकं उचललं, तोच मागून शब्द आला.

"दम धर."

जानकीचा हात थांबला. म्हातारी भिंतीकडे नाही, दाराकडे तोंड करून पडली होती.

"आजून कच्चा हा," हौसाबाई म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. आणि मग, "उतर. आता उतर गो!"

जानकीने टोप उतरवला. तूप सोन्यासारखं स्वच्छ होतं. ती दारात येऊन उभी राहिली.

"कदीपासना?" म्हातारीने विचारलं.

"तापापासना."

"माका कित्याक सांगूक नाय?"

"तुमी माझ्याशी बोलतास खंय, आये?"

म्हातारीने डोळे मिटून घेतले. नंतर म्हणाली, "बाज हयसर सरकय. थंयसून वास उशिरा येता."

त्या दिवसापासून बाज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली. हौसाबाई पडल्या पडल्या सांगे आणि जानकी करी. त्या चतुर्थीचं तूप निभावलं, त्यापुढच्याही. वाडीला काही कळलं नाही. म्हातारी काही मऊ झाली नव्हती. चूक झाली की शिव्या तशाच. पण बोलणं सुरू झालं होतं. कधी ती न विचारताच सांगे, "सुरंगी फुलली हा खंयतरी." जानकी क्षणभर थांबून श्वास ओढून बघे आणि पुन्हा कामाला लागे.

एकसष्टच्या पावसाळ्यात म्हातारीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. नाक शाबूत होतं. जानकीने तिच्या डाव्या हाताशी पितळी पेला ठेवला. तूप झालं की तो बाजेच्या लाकडावर आपटायचा, एवढं ठरलं. दोन-तीन खेपा ते जमलंही. हौसाबाईचा तो हातही दिवसेंदिवस हलका पडत होता, पण जानकीने ते बघायचं टाळलं. न टाळून करणार काय होती?

श्रावणातल्या एका दुपारी देवळाचं लोणी आलं. गावाने मिळून साठवलेलं, गाभाऱ्यातल्या दिव्यासाठी आणि नैवेद्यासाठी. जानकीने मोठा टोप चढवला. पाठ दाराकडे, डोळे टोपात, कान पेल्याकडे. बाहेर पाऊस. पेला वाजेना. अजून कच्चं असेल असं म्हणून ती बसून राहिली. फेस बसला, तरी पेला वाजेना. मग धुराचा लोट तोंडावर आला, तेव्हा तिने वळून पाहिलं.

पेला खाली पडला होता, बाजेखालच्या मऊ शेणमातीवर, आवाज न होता. म्हातारीचा हात बाजेवरून लोंबत होता, बोटं पेल्याकडे ताणलेली. तिचं तोंड उघडं होतं. ती सगळा वेळ ओरडत होती, आवाजाशिवाय. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"आये!" म्हणत जानकी धावली. टोप तसाच चुलीवर राहिला. तिने म्हातारीचं डोकं छातीशी धरलं. "नाय ओ, तुमची चूक नाय, नाय." मागे तूप जळून काळं झालं, घर धुराने भरलं, आणि शेजाऱ्यांनी येऊन टोप बाहेर ओढला.

म्हातारीने त्यानंतर अन्न घेतलं नाही. जानकी पेजेत उरलंसुरलं तूप कालवून चमचा ओठांशी नेई, म्हातारी तोंड फिरवी. पितृपक्ष लागण्याआधी ती गेली. चितेवर सोडायला त्या घरात तुपाचा थेंब नव्हता. यशोदाकाकीने आपल्या घरून वाटी आणली.

बारावं झालं. भांडी घासताना जानकीने काकीला सगळं सांगितलं. तापापासूनचं.

काकीचा हात थांबला. "चार वर्सां? देवाचा तूप, बाळंतणीचा तूप, तुका वास येणा नाय आणि तू कढयत होतंस?"

"आये सांगी, काकी. मी आयकी."

काकी रागावली नाही. पण संध्याकाळी जाताना ओसरीवरचं आपलं मडकं काखेत घेऊन गेली. हळूहळू बाकीचीही गेली. कोणी घरच्या घरी कढवू लागलं, कोणी कुणकेश्वरच्या दुकानातून वनस्पती तुपाचा डबा आणू लागलं. देवळाने जानकीला वाती वळण्याचं काम दिलं. वातीला नाक लागत नाही.

ती पुढे कितीतरी वर्षं जगली. स्वयंपाक करताना पायवाटेकडचं दार उघडं टाकायची, पावसात झड आत आली तरी. जाणारं-येणारं कोणी असलं की हाक देई, "जानक्ये, भात लागता गो!" मग ती धावत जाऊन भांडं उतरवी. वाटेवर कोणी नसलं, की त्या दिवशी ती करपलेलाच भात खाई. तिला तो करपल्याचं कळतही नसे. भांडं घासायला घेतल्यावरच कळे.