पोकळ अनुस्वार

मंडळीचं आरोग्य तपासायला माणसं येणार, असं पाळकसाहेबांनी उपासनेत जाहीर केलं, तेव्हा मला वाटलं रक्तदाब बघणार. मी आठवडाभर लोणचं सोडलं. इतकी हुशार मी, आणि थेरगावातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीची चिटणीस.

तपासायचं होतं ते संस्थेचं आरोग्य. निर्णय कोण घेतं, चुकलं तर बोलता येतं का, वगैरे. आवारात आमचं पाळणाघर होतं. चाकणच्या कंपन्यांत पहिल्या शिफ्टला जाणाऱ्या बाया तिथे पोरं सोडून डांगे चौकात कंपनीची बस धरायच्या. त्यांनाही प्रश्नांचे कागद दिले.

"नाव लिहू नका," तपासनीस बाई म्हणाल्या. "माणसं जिथे भिऊन गप्प बसतात, ती संस्था आजारी."

भरलेले कागद त्यांनी पाकिटात घालून चिकटवले आणि सोमवारी घेऊन जाईन म्हणून माझ्याकडे ठेवले. मांजराला दुधावर बसवलं म्हणा ना. चहाच्या आधणावर मी पाकीट धरलं. डिंक सुटला.

सगळीकडे 'उत्तम'. मंडळीचा कारभार बघणाऱ्या एका पंचांनी 'स्वर्गीय' लिहिलं होतं. एकाच कागदावर वेगळं होतं: 'पाळण्यांमागची भिंत फुगली आहे. तीनदा सांगितलं. दर वेळी प्रार्थना करू म्हणतात. आम्हांला भीती वाटते.'

भिंतीचं मी वाचलं आणि सोडून दिलं. मला अक्षर ओळखायचं होतं. प्रार्थना-विनंतीच्या पेटीची किल्ली माझ्याकडे असे. दर रविवारी चिठ्ठ्या मीच काढून पाळकसाहेबांना द्यायची, त्यामुळे अख्ख्या मंडळीचं अक्षर मला पाठ. त्या कागदावर प्रत्येक अनुस्वार टिंबाऐवजी इवलासा पोकळ गोल होता. असा अनुस्वार एकच बाई द्यायची, पाळणाघरातली ताई.

केवढा आनंद झाला मला. चष्मा पुसत पाळकसाहेबांकडे गेले.

त्यांनी कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवली. "हा इथेच राहू दे. घरातलं घरात बघू."

पाकीट मी परत चिकटवलं, आधीपेक्षा सफाईनं.

पंचांच्या पुढच्या बैठकीत ताईला उभं केलं. ती म्हणाली, "मी लिहिलं नाही. पण जे लिहिलंय ते खरं आहे." मी इतिवृत्तात फक्त पहिलं वाक्य घेतलं. दुसरं विषयाला सोडून आहे, असं मला वाटलं. ताईला 'विश्रांती' दिली. पायरीवर तिनं मला सलाम केला आणि म्हणाली, "पाळणे तेवढे पुढे ओढून घ्या, बाई."

रविवारी पेटीत तीन चिठ्ठ्या निघाल्या. तिन्हींची अक्षरं निराळी, मागणं एकच, ताईंना परत आणा. आणि तिन्हींत पोकळ अनुस्वार.

मी तिन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून पुन्हा पाहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डांगे चौकात बसची वाट बघणाऱ्या एका आईला गाठलं. "तुला लिहायला कुणी शिकवलं गं?"

"ताईंनीच की. दर शनिवारी आमी धा-बारा जणी बसायचो." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "का वो? आता आमालाबी काढताय का?"

मी तशीच पाळणाघरात गेले. पोरं झोपली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या भिंतीवर हात ठेवला. ती ओली होती, आणि पोटुशी बाई बसावी तशी पाळण्यांवर झुकली होती. आत कुठेतरी माती सुटल्यासारखी बारीक सळसळ चालली होती. हात काढला तर तळव्याला चुना.

पाळकसाहेब म्हणाले, "अहवाल वर गेलाय, बाई. आरोग्य उत्तम, असं आलंय. आता भिंत वाईट आहे असं कुठल्या तोंडानं कळवू?"

तेव्हा खरं बोलायला हवं होतं. मी पाकीट फोडलं, कागद मी दिला, ताईचा दोष नाही. एवढंच. पण चिटणिसांची अब्रू होती ना. म्हणून मी खोटं बोलले. पाळणाघरात ढेकूण झालेत, औषध मारायचंय, असं सांगून सगळे पाळणे उपासनेच्या सभागृहात हलवले. ढेकूण म्हटल्यावर पंच दहा मिनिटांत तयार झाले. भिंतीसाठी तीनदा सांगूनही जे जमलं नव्हतं, ते त्या नसलेल्या किड्यांनी केलं.

नवव्या दिवशी, दुपारच्या चहाच्या वेळी, भिंत पडली. आवाज फारसा झाला नाही. पोतं टाकावं तसा. पाळण्यांच्या रिकाम्या जागेवर कमरेइतक्या विटा होत्या.

रविवारी उपकारस्तुती झाली. पाळकसाहेबांनी देवाचे आभार मानले, पंचांच्या दूरदृष्टीचे मानले, ढेकणांचेसुद्धा मानले. लोक हसले. ताईचं नाव आलं नाही. मी पहिल्या बाकावर होते. आमेन म्हणाले. जरा मोठ्यानंच.

तो अहवाल चौकटीत घालून सभागृहात लावलाय, अजून आहे. जाता-येता दिसतो.

उपासना संपल्यावर नेहमीसारखी पेटी उघडली. आत काही नव्हतं. हात घालून चारही कोपरे चाचपले. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही. किल्ली माझ्याकडे राहिली, पण आपलं अक्षर माझ्या हाती पुन्हा कुणी दिलं नाही.