मशीनआत्याची पेटी

गल्लीत तिला सगळे मशीनआत्या म्हणत. तीस वर्षं तिने शिलाई मशीनं दुरुस्त केली होती. पण बल्ब बदलताना स्टुलावरून पडली, आणि भाच्याने तिची हत्यारांची पेटी माळ्यावर चढवली. "पुरे झालं, आत्या. आता आराम." तेव्हापासून तिचे हात नुसते शिवशिवत होते.

त्या सकाळी भाचेसून वरच्या बाथरूममधून ओरडली, "दोन बादल्या वाहून गेल्या, पाणी गारच!"

हीटर खाली जिन्याजवळ होता. एक छोटा पंप गरम पाणी पाइपांतून फिरवत ठेवायचा, म्हणून वरचा नळ सोडताच गरम पाणी यायचं. तोच रुसला होता.

बोलावलेल्या प्लंबरने पंपाच्या दोन्ही बाजूंचे कॉक बंद केले, पंपाच्या पोटावरचा स्क्रू काढला, आतल्या दांड्याला पेचकस लावून जोर केला. मग स्क्रू परत लावून मान हलवली. "जाम झालाय. नवीन बसवा."

आत्या कधीची दारात घुटमळत होती. "जरा बटण दाब बरं."

प्लंबरच्या पेचकसाचं टोक तिने पंपाला टेकवलं, मूठ कानाला. घूंऽऽ. "मोटर जिवंत आहे रे. बिचारी ढकलतेय, पण फिरता येत नाहीये तिला."

"आत्या, ते शिलाई मशीन नाही," भाचा म्हणाला.

"माझी पेटी काढ. पंप फिरला तर ती माझ्या पलंगाखाली राहील. नाही फिरला तर भंगारात घाल, मी हूं की चूं करणार नाही."

"प्लंबरदादा, तुम्ही साक्षीदार हं," भाचा म्हणाला.

"आहेच की. माझी पैज मात्र नव्या पंपावर."

भाच्याने माळ्यावरून पेटी उतरवली, पंपाचा प्लग काढला. आत्याने आपला आखूड, रुंद पेचकस हातात घेतला, मनात देवाचं नाव घेतलं आणि स्क्रू उघडला. कोमट पाणी ठिबकलं. दांडा ढिम्म.

"इथवर मीही आलो होतो," प्लंबर म्हणाला.

"तू नुसता पुढे रेटत होतास. अडकलेल्याला रेटायचं नसतं बाबा, डोलवायचं."

केसभर मागे. केसभर पुढे. पुन्हा मागे. तिच्या कपाळावर घाम आला, भाचा वाकून बघू लागला. आणि कानाआधी तिच्या बोटांना कळलं, आत साचलेलं क्षाराचं किटण सुटलं. दांडा गर्रकन पूर्ण फिरला.

स्क्रू बसला, कॉक उघडले, प्लग लागला. घूंऽऽ नाही, आता नुसती बारीक गुणगुण. तिघांच्या माना जिन्याकडे वळल्या.

"काय गं, काही येतंय का?" भाच्याने हाक दिली.

"थांबा जरा... गारच आहे... अहो, कोमट झालं... आई गं, चटका बसला!"

प्लंबरने आत्याला वाकून नमस्कार केला. भाच्याने पेटी उचलली आणि तिच्या पलंगाखाली सरकवली.

"पण स्टुलावर चढायचं नाही, सांगून ठेवतो."

"तू चढ," आत्या म्हणाली, "मी स्टूल धरते. तो बल्ब अजून तसाच आहे."