झऱ्यावर बसलेला शिकारी

चैत्रात आमच्या शेतातल्या झऱ्यावर भेकर पाणी प्यायला येतं. शेजारच्या फार्महाऊसचा एक पाहुणा तिथे तंबू ठोकून, दोन्ही टोकांना छोटी चाकं लावलेलं धनुष्य घेऊन बसला. मऊ फडक्याने ते सारखं पुसायचा. परदेशात म्हणे त्याने असंच बसून हरण मारलं होतं.

"आजी, पाणी पिताना जनावर बेसावध असतं," तो म्हणाला.

"म्हणून तर आमी पाण्यावर कोणाला मारत नाय." मी तिथेच पितळी हंडा खडाखडा घासायला बसले.

दिवस कलला. "किती घासाल? अशानं ते येणार नाही."

"नकोच यायला. हंडा झाला की टोप हायेत घरात."

चिडून त्याने तंबू गुंडाळला. टोप मी आणलेच नाहीत. भेकराची वेळ झाली होती.