मामांच्या सायकलची खाच

आमच्या मामांइतका अस्वस्थ माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. झालाच असेल, तर मामांच्या सायकलवरून पडून केव्हाच स्वस्थ झाला असेल. मामा जेवायचे उभ्याने आणि दाढी करायचे अंगणात येरझारा घालत. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. बोरगाव मेघेहून कामावर जाताना उतारावर पायांना काही कामच नसतं, हे त्यांना सहन होईना, म्हणून त्यांनी पायडल न मारता चाक फिरू देणारं फ्रीव्हील वेल्डिंग करून जाम करून टाकलं. आता चाक फिरेल तोवर पायडल फिरे, आणि पायडलसोबत मामा. "फुकटचं चालणं माह्या अंगी लागत नाई," म्हणायचे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मामी कॅरिअरवर बसून हिंगणीला माहेरी निघाल्या होत्या. वाटेत ढिली चेन उतरली, चाक जागीच अडलं आणि मामी शेजारच्या कापसाच्या पऱ्हाटीत जाऊन पडल्या. "आजपासून मी येष्टीनं जाईन," एवढंच म्हणाल्या. लग्नापासून दोघं एकाच सायकलवर हिंगणीला जात आलेली. मामांचं तोंड एवढंसं झालं.

पण आपली चूक कबूल करतील तर ते मामा कसले! सगळा दोष त्यांनी चौकटीतल्या खाचेला दिला, म्हणजे मागच्या चाकाचा आस जिथे बसतो तिला. मूळची खाच मागे उघडणारी. ती कापून त्यांनी खाली उघडणारी केली. चाक तसूभर हलेना, पण आठवड्यात चेन सैलावली आणि चाक मागे ओढून ती ताणायची सोयच उरली नाही. मग पुढे उघडणारी केली. जोर लावला की चाक पुढे सरकून चौकटीला घासे. दोन महिने कापाकापी करून मामा कंपनीच्याच खाचेवर येऊन पोहोचले आणि वर छाती फुगवून म्हणाले, "आता चेन उतरली त नाव बदलीन. बस!"

मामी तांदूळ निवडत होत्या. "खाच कोणतीबी करा वो. तुमचे पाय थांबत नाई, मले त्याचंच भेव लागते."

दुसऱ्या दिवशी मामांनी नवं फ्रीव्हील बसवलं आणि आम्ही हिंगणीला निघालो. मामी पुन्हा कॅरिअरवर, मी माझ्या सायकलवर मागे. उतार लागला आणि मामांचे पाय थांबले.

"काऊन वो, थकले का?" मामींनी विचारलं.

"नाई. तुह्यासंग बसून राह्यलो."

पुढे मामी वारल्यावर ते फ्रीव्हील पुन्हा जाम करतील असं मला वाटलं होतं. केलं नाही. जेवतात अजून उभ्यानेच, पण उताराला लागले की पाय थांबवतात. मागे कॅरिअर रिकामं असतं. मला ते पाहवत नाही. मी तेवढ्यापुरता त्यांच्या पुढे निघून जातो.