जिवंत काकांचं मरणपद

जिवंत काकांचं मरणपद मी शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहिलं आणि न पुसताच निघून गेलो. त्याच फळ्यावर गावातल्या मयतीची खबरही लिहीत. ती लिहिणारा मास्तर मीच.

काकांवर माझा राग जुना नव्हता, वर्षाचाच होता, पण चांगला पोसलेला. बाबांच्या तेरवीला पान वाढलं, कावळा काही येईना. तेव्हा भर पंगतीत काका म्हणाले, "येईन कसा? दादाच्या नावाचा घास खाल्ला त कावळा झिंगून पडन न." पंगत हसली. बाबा मोहाची दारू घेत, हे खरं. पण जंगल गार्ड म्हणून नोकरी केली ती चोख, आणि सख्ख्या भावाच्या केसालाही कधी धक्का लावला नाही. तेव्हापासून काकांना त्याच पंगतीत खाली मान घालायला लावायची आणि बाबांची माफी मागवायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

हत्यार मिळालं ते शाळेच्या कपाटातल्या एका जुन्या मासिकात. मेक्सिको देशात मेलेली माणसं वर्षातून एकदा घरी येतात. त्यांच्यासाठी झेंडूच्या पाकळ्यांची वाट करतात, आवडीचं जेवण मांडतात आणि पीत असेल त्याची दारूही उघड ठेवतात, कोणी नाक मुरडत नाही. वाचून मला वाटलं, बाबा चुकीच्या देशात मेले. ही चाल तिथल्या जुन्या अझ्टेक लोकांपासूनची. त्यांच्या समजुतीत मेलेल्याला पाताळात जाताना एक नदी लागते, ती कुत्र्याच्या पाठीवरून ओलांडायची. कुत्र्यांना छळलं असेल तर बसा काठावर. आणि आता तिथे जिवंत माणसांवरही, ती मेलीच आहेत असं समजून, टिंगलीची पदं रचतात.

काका दिसेल त्या कुत्र्याला लाथ घालत. आणखी काय पाहिजे?

सर्वपित्री अमावस्येला काका आणि बाकीचे भाऊबंद आमच्याकडेच जेवायला असत. बाबांच्या पानाशेजारी बाटली ठेवायची, काकांच्या हातानेच बाबांना पाजायची आणि वर पद म्हणायचं, असा बेत केला. आदल्या दुपारी शाळा सुटल्यावर ताल जमतो का ते फळ्यावर लिहून पाहिलं:

*काका गेले वरच्या गावा, नदी आली मधी;*
*कुत्रा म्हणे, लाथ घातली, पाठ देईन कधी?*

स्वतःवर इतका खूश झालो की तसाच मोहाची बाटली आणायला पलीकडच्या टोल्यावर, चार झोपड्यांच्या वस्तीवर गेलो.

गावात सगळेच त्यांना काका म्हणत. वाचणाऱ्याला पहिली ओळ पुरली. दुसरी मास्तरनं जोडलेला अभंग असेल, असं कोणीतरी म्हणालंही म्हणे.

आमच्याकडे मयतीला घराघरातून एकेक लाकूड येतं. सकाळी जेवणाचं सांगायला काकांच्या अंगणात गेलो तर माणसं खांद्यावर लाकडं घेऊन उभी, आणि काका बाजेवर बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटताहेत.

"काका, तुमी त हाये," एक जण म्हणाला.

"हावो, अजून तरी हाये."

"मंग हे लाकडं?"

"टाका तिकडं गोठ्यापाशी. मयतीचं लाकूड वापस घरी नेत नाई बाप्पा, इपरीत असते."

साग सोडून सगळं आलं होतं: धावडा, येन, तेंदू. ढीग गोठ्याच्या छपराला लागला. बाबांच्या वेळी दोनच घरांतून लाकूड आलं होतं. चोरटी लाकडं पकडणाऱ्या गार्डाला लाकूड कोण देणार? बाकीचं मी सरकारी लाकूड डेपोतून विकत आणलं. तो ढीग बघताना माझे दात एकमेकांवर घासले जात होते.

दुपारी काका जेवायला आले. पद आता कशाला म्हणायचं, ते गावाला पाठ झालं होतं. पण बाटली होती. मी ती त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "काका, तेरवीले जे बोलले, त्याची आज बाबांजवळ माफी मागा. अन् हे त्याहिले द्या."

काकांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, जिंकलो.

त्यांनी बूच काढलं आणि पितरांचा घास जिच्यावर टाकतात त्या आगारीच्या निखाऱ्यांवर मोहाची धार धरली. भक्कन जाळ उठला, माझ्या भुवया भाजल्या.

"पाहा," काका म्हणाले, "दादा अजून एका दमात पेते."

पंगत तेरवीपेक्षा जोरात हसली. भोपळ्याच्या भाजीचा घास कोणाच्या तरी घशात अडकला.

काका पोटभर जेवून गेले. मी चुलीपाशी भुवया चोळत बसलो आणि पुढच्या अमावस्येचा बेत आईला सांगू लागलो. तिने उष्ट्या पत्रावळी गोळा करता करता माझ्याकडे पाहिलं.

"राहू दे मास्तर," ती म्हणाली. "बापाची इज्जत आणाले गेला, अन् काकाच्या घरी सालभराचं सरपण भरून आला. आणखी बदला घेशील त त्याले घरही बांधून देशील."