चुन्याच्या दगडावरचं माझं नाव

पहाटे दाराशेजारच्या दगडावर बोट फिरवलं की बोटाला बारीक पांढरी भुकटी लागते. स्पर्श थंड, किंचित रवाळ, ओल्या खडीसाखरेसारखा. दगड झिजतो म्हणजे काय होतं, हे मला पुस्तकांनी पुष्कळ उशिरा सांगितलं. बोटाला ते आधीच कळलं होतं. त्याचीच गोष्ट, पोरांनो, आज तुम्हांला लिहून सांगायची आहे, कारण या दगडावरची अक्षरं तुमच्या पणजोबांची आहेत.

माझे बाबा राजुऱ्याकडच्या चुनखडीच्या खाणीत घण मारत. अक्षरओळख झाली ती चाळिशी उलटल्यावर, आणि तीही लेखणीने नव्हे. लेखणी त्यांच्या हाताला हलकी पडे, बोटांतून निसटे. म्हणून अक्षरं ते छिन्नीनेच गिरवायला शिकले. मी पदवी घेतली त्या वर्षी, हातभर लांबीचा एक राखाडी दगड बैलांच्या खाचरातून आणि मग एस.टी.च्या टपावरून नागपूरला आला. त्यावर कोरलं होतं: कमल बी.ए. कागदावर त्यांनी कधीच काही लिहिलं नाही. पत्र नाही, सही नाही. त्यांचं हस्ताक्षर म्हणजे एवढंच.

मी धरमपेठेतल्या शाळेत इंग्रजी शिकवी. वहीचा समास वाकडा गेला तर मुलींना पान पुन्हा लिहायला लावी. दगडाची शोभा वाढावी म्हणून त्याच्या माथ्यावर मी मोगऱ्याची कुंडी ठेवली आणि रोज तिला शेणखताचं पाणी घालू लागले. पाणी झिरपून अक्षरांवरून ओघळे. काही पावसाळ्यांत दगडावर काळपट साय धरली. मला ती कशी सहन व्हावी? दसऱ्याला दीक्षाभूमीवर यायला गावाकडची माणसं आमच्याकडे उतरत. त्याआधी घरातली सगळी पितळ चिंचेनं घासून लखलखीत करायची, ही आमची रीत. एका वर्षी उरलेली चिंच मी दगडाला लावली. बारीक बारीक बुडबुडे उठले! मळ सुटतोय, या आनंदात मी आणखी जोर लावला. काळं गेलं, पण ‘बी’नंतरचा ठिपकाही गेला, आणि ‘ए’ची मान पुसट झाली.

त्याच संध्याकाळी गावाहून बाबा आले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी पायरीशी थांबून त्यांनी दगडावर हात फिरवला आणि बोट नाकाशी नेलं.

“काहून वं कमल, चुन्याले चिंच लावली? भट्टीवरची बकरी बी सांगीन तुले, चुन्याले आंबट चालत नाही म्हून!”

आणि मी तर तोवर एम्.ए. झालेली! मी चहा टाकायला आत गेले आणि तिथेच पदराने डोळे पुसले. त्यांचं एकमेव लेखन मी माझ्या हाताने खरवडलं होतं.

तुमची आई तेव्हा विज्ञान शाखेत शिकत होती. तिने ब्लेडने दगडाची राहिलेली साय खरवडली, कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि दोन दिवसांनी आजोबांपुढे मांडी घालून बसली.

“आजोबा, चिंच तर आत्ता लागली. त्याच्या आधीपासूनच जिवाणू दगड विरघळवत होते. खतातून जो अमोनिया निघतो, त्याचं ते आम्ल करतात, आणि आम्लात चुना विरतो.”

“डोयाले दिसत नाही, अन् दगड खाऊन राह्यले? मंग आमच्यावानी खदानीतलेच गडी म्हना की! त्याइले जेवू कोन घालते?”

“आई घालते. रोज सकाळी, कुंडीतून.”

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. पण त्या हसण्यात मला एक गोष्ट लख्ख दिसली: ज्याला मी मळ समजत होते, ते एक काम होतं! तुमची आई सांगे, राजुऱ्याकडे कधीकाळी समुद्र होता. त्याच्या तळाशी हा चुना थराथराने बसला, आणि तो बसवण्यातही अशाच सूक्ष्म जिवांचा हात असावा. ज्यांनी दगड बांधला, त्यांचेच भाऊबंद आता तो सोडवून पुन्हा मातीच्या हवाली करताहेत. निसर्गाच्या या संथ, अविरत श्रमापुढे माझ्या टापटिपीची काय मातब्बरी! मात्र रोजचं जेवण मी वाढत होते, ते थांबवणं माझ्या हाती होतं. मोगरा मी त्याच दिवशी अंगणात लावला.

उरली अक्षरं. बाबांच्या पिशवीत छिन्नी असेच, जसं माझ्या पर्समध्ये पेन. मी ती काढून त्यांच्या हाती दिली आणि पुसट झालेलं पुन्हा कोरून द्या म्हटलं. त्यांनी ती परत माझ्याच मुठीत ठेवली.

“डिगरी तुही, अन् छिन्नी मीच मारू काय? मले दिसत नाही. मी बोट ठेवतो, तू मार.”

त्यांचं बोट जुन्या खाचेतून पुढे सरकत गेलं, त्यामागून माझी छिन्नी. ‘ए’च्या वळणावर माझा हात घसरला आणि एक टवका उडाला. मी दचकले. बाबांनी टवक्याची जागा चाचपली आणि ते म्हणाले, “राहू दे. समास वाकडा गेला म्हून पान फाडत नाही.”

आता दगड मी फक्त साध्या पाण्याने पुसते, चिंच पितळेपुरतीच. जिवाणू आहेतच, वाऱ्यापावसातून त्यांना त्यांची भाकर मिळत राहणार, आणि एक दिवस हे नाव सपाट होणार. त्याची मला धास्ती वाटत नाही. आज सकाळी बोट फिरवलं, तेव्हा ‘क’च्या खाचेत अर्धं नख बुडालं. म्हणजे तुम्हांला इकडे यायला पुष्कळ अवकाश आहे. आलात की ही ओळ डोळ्यांनी वाचू नका; डोळे मिटा आणि बोट ठेवा. जिथे खाच खोल आणि सरळ लागेल, तिथे पणजोबा आहेत. जिथे टवका लागेल, तिथे मी.